शिकल्याची नोंद शिकणाऱ्याच्या हाती



बोधिसत्त्व, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीच्या मंगल पर्वावर ही वार्षिक स्मरणिका आपल्या हाती देताना आम्हांस मनस्वी आनंद होत आहे. मंडळाच्या वर्षभराच्या वाटचालीचा आढावा सचिवांच्या अहवालात आलेला आहे. त्याची पुनरुक्ती न करता या पानावर आम्ही एका निराळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. तो वरवर पाहता केवळ यंत्रतंत्राचा वाटेल. परंतु खोलात जाऊन पाहिले असता तो आपल्या समाजबांधवांच्या भाकरीशी आणि सन्मानाशी निगडित असल्याचे दिसून येईल. डोळ्यांवर चढविण्याच्या हेडसेटमधून जे प्रशिक्षण दिले जाते त्याची नोंद, जेथे इंटरनेट नाही अशा ठिकाणी, त्या यंत्रातून बाहेर कशी काढावी आणि ती अखेर कोणाच्या हाती पडावी, हा तो विषय होय.

आपण ज्या इंटरनॅशनल सिटीत राहतो तिच्या इमारतसमूहांना चीन, इंग्लंड, फ्रान्स, ग्रीस, इटली, मोरोक्को, पर्शिया, रशिया, स्पेन अशी देशोदेशींची नावे आहेत. अल वरसान भागातील ही वसाहत जितक्या देशांच्या नावांनी सजली आहे, त्याहून अधिक देशांच्या श्रमिकांनी ती गजबजलेली आहे. पलीकडे ड्रॅगन मार्ट आहे, अल अवीरचा भाजीपाला व फळांचा बाजार आहे. आता येथून दुबई मेट्रोची निळी मार्गिका जाणार आहे. ३० किलोमीटर लांबीच्या आणि १४ स्थानकांच्या या मार्गापैकी सुमारे १५.५ किलोमीटर भाग भुयारी असून ९ सप्टेंबर २०२९ रोजी ती सुरू करण्याचे नियोजन जाहीर झालेले आहे. एवढे मोठे काम म्हणजे उंचीवरची कामे, भुयारातील कामे, क्रेन, वीज, उष्मा. अशा प्रत्येक कामाआधी कामगाराला सुरक्षिततेचे शिक्षण मिळणे हा त्याच्या जगण्याचा प्रश्न असतो. त्या शिक्षणाची साधने बदलू लागली आहेत, म्हणून हा विषय आज मांडणे आम्ही अगत्याचे मानतो.

आभासी वास्तवाचे प्रशिक्षण म्हणजे काय, हे ज्या वाचकांनी अनुभवलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कामगार हेडसेट डोळ्यांवर चढवितो. तो असतो एखाद्या खोलीत. परंतु त्याला दिसते चाळिसाव्या मजल्याची कड. त्याने सेफ्टी बेल्टचा हूक योग्य जागी अडकविला नाही, तर तो त्या दृश्यात खाली कोसळतो. देहाला इजा होत नाही, पण धडा मनावर ठसतो. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्यालाही डोळ्यांनी आणि हातांनी शिकता येते, हा या साधनाचा मोठा गुण आहे. अमेरिकेतील वॉलमार्ट कंपनीने आपल्या नोकरवर्गाच्या शिक्षणासाठी २०१८ साली १७,००० हेडसेट घेण्याचे जाहीर केले. तेव्हापासून हे साधन प्रयोगशाळेतून बाहेर पडून दुकानांत, कारखान्यांत व बांधकामांच्या साईटवर पोहोचू लागले. पूर्वी अशा हेडसेटला तारेने संगणक जोडावा लागे. आता संगणक, बॅटरी व साठवण सारे हेडसेटच्या आतच असते. एका अर्थी तो कपाळावर बांधलेला मोबाईलच होय.

ही साठवण आतच असते, येथूनच आपल्या प्रश्नाचा आरंभ होतो. कामगार धडा पूर्ण करतो तेव्हा यंत्र बरेच काही लिहून ठेवते. धडा कोणता, सुरू केव्हा झाला, संपला केव्हा, चुका किती झाल्या, गुण किती पडले, ही झाली निकालाची नोंद. ती जेमतेम काही किलोबाइट असते. शिवाय काही प्रणालींत डोके आणि दोन्ही हात कोठे होते, कसे वळले, याची नोंद क्षणोक्षणी ठेवली जाते. सेकंदाला ७२ वेळा, तिन्हींच्या प्रत्येकी ७ संख्या आणि प्रत्येक संख्येला ४ बाइट असा हिशेब केला, तर २० मिनिटांच्या धड्याचा हा साठा सुमारे ७ मेगाबाइट भरतो. तीस कामगारांचे मिळून २०० मेगाबाइटच्या आसपास. आजच्या मानाने हे ओझे क्षुल्लक आहे. म्हणजे अडचण ओझ्याची नाही, वाटेची आहे.

सामान्यतः ही नोंद इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे आपोआप जाईल असे गृहीत धरलेले असते. परंतु तळघरात, भुयारात, वाळवंटातील साईटवर वा समुद्रातील फलाटावर नेटवर्क मिळेलच असे नाही. काही ठिकाणी सुरक्षेच्या कारणास्तव बाहेरचे नेटवर्क जोडू दिले जात नाही. कॅम्पमधील वायफायला आधी मोबाईल नंबर व पासवर्ड विचारणारे पान असते, आणि हेडसेटमध्ये ते पान भरता भरता प्रशिक्षकाचा जीव मेटाकुटीस येतो. मग नोंद यंत्रातच राहते. यंत्र दुसऱ्या साईटवर जाते, जागा भरली म्हणून कोणी जुन्या फाईली पुसतो, किंवा बिघाड झाला म्हणून फॅक्टरी रीसेट केले जाते. त्या एका बटणासरशी तीस माणसांनी मिळविलेले शिक्षण, निदान कागदोपत्री, घडलेच नव्हते असे होऊन जाते.

कंपनीचे यात फारसे बिघडत नाही. ती पुन्हा शिकवील. बिघडते ते कामगाराचे. कंत्राट संपल्यावर तो दुसऱ्या दारी उभा राहतो तेव्हा हातात पुरावा नसेल, तर त्याची गणना पुन्हा ‘हेल्पर’मध्येच होण्याचा धोका असतो. हेल्पर आणि कुशल कामगार यांच्या पगारातील अंतर म्हणजे गावाकडे मुलीच्या कॉलेजची फी असते, बापाच्या औषधाचे पैसे असतात. एक हरवलेली फाईल एवढी महाग पडू शकते.

कौशल्याचा आणि त्याच्या मान्यतेचा हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना अधिक पगाराच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याने ओठ लावलेला धोटा स्पृश्य कामगाराला चालत नसे. म्हणजे कौशल्य शिकण्याची वाटच विटाळाने अडवून ठेवली होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा अन्याय चव्हाट्यावर मांडला आणि तो दूर करण्याची मागणी लावून धरली. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना तांत्रिक प्रशिक्षणाच्या योजनेचा कारभार त्यांच्याकडे होता, आणि त्याच खात्यामार्फत १९४५ साली सेवायोजन कार्यालयांची व्यवस्था उभी राहिली. त्या कार्यालयांचे मूळ काम कोणते? माणसाचे नाव आणि त्याला येणारे काम यांची नोंद ठेवणे. शिक्षण देणे हे अर्धे काम आणि शिकल्याची नोंद राखणे हे उरलेले अर्धे, ही जाण त्या व्यवस्थेच्या मुळाशी होती.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. इंटरनेट नसतानाही ही नोंद बाहेर काढणे मुळीच अशक्य नाही. त्याच्या वाटा साध्या आहेत आणि त्यांना लागणारे साहित्य ड्रॅगन मार्टच्या एका फेरीत मिळू शकते.

पहिली वाट केबलची. हेडसेट यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडावा. त्या वेळी फाईली पाहू देण्याची परवानगी मागणारा प्रश्न हेडसेटच्या आत, पडद्यावर येतो. तो लॅपटॉपवर दिसत नाही. नवखा माणूस लॅपटॉपकडे पाहत बसतो आणि यंत्र बिघडले असे समजतो. हेडसेट डोळ्यांवर चढवून ‘परवानगी आहे’ असे सांगितले की फाईली दिसू लागतात. काही प्रशिक्षण-कार्यक्रम आपल्या नोंदी बंद कप्प्यात ठेवतात. अशा वेळी ज्या कंपनीने तो कार्यक्रम बनविला तिच्याकडून ‘नोंद बाहेर काढा’ अशी सोय मागून घ्यावी लागते. ही मागणी हेडसेट विकत घेण्यापूर्वी करावयाची असते, नंतर नव्हे.

दुसरी वाट स्थानिक वायफायची. सिमकार्ड नसलेला साधा राउटर आणि एक लॅपटॉप एवढ्यावर खोलीपुरते जाळे उभे राहते. यंत्र ‘इंटरनेट नाही’ अशी तक्रार करील, त्याने विचलित होऊ नये. इंटरनेट नसणे आणि जाळे नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कार्यक्रमात तशी सोय असेल, तर दहा हेडसेट एकाच वेळी आपल्या नोंदी त्या लॅपटॉपकडे सुपूर्द करतात, आणि लॅपटॉप सायंकाळी शहरात परतल्यावर त्या पुढे पाठवितो. साठवावे आणि मग पाठवावे, ही रीत टपालखात्याइतकी जुनी आहे.

या कामासाठी जगन्मान्य असे एक लेखनमानकही आहे. ‘एक्सपीरियन्स एपीआय’ या नावाचे हे मानक २०१३ साली पहिल्या पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले आणि २०२३ साली आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने त्याला मान्यता दिली. त्याची मांडणी मराठी व्याकरण शिकलेल्या कोणासही उमजेल. त्यात कर्ता असतो, क्रिया असते आणि जिच्यावर क्रिया घडली ती गोष्ट असते. अमुक व्यक्तीने अमुक धडा पूर्ण केला, असे ते सरळ वाक्य. प्रत्येक वाक्याला स्वतःचा स्वतंत्र क्रमांक असतो, त्यामुळे तीच नोंद चुकून दोनदा पाठविली गेली तरी ती दोनदा मोजण्याचे कारण राहत नाही. शिवाय घटना घडल्याची वेळ आणि नोंद पोहोचल्याची वेळ अशा दोन वेळा वेगवेगळ्या लिहिण्याची तजवीज त्यात आहे. सोमवारी भुयारात शिकलेला धडा शुक्रवारी शहरात पोहोचला तरी तो सोमवारचाच राहतो.

साधने अशी उपलब्ध असतानाही नोंदी हरवतात, कारण साधनांना शिस्तीची जोड नसते. ही शिस्त तीन गोष्टींची आहे, आणि तिन्हींचे मोल आपल्या इतिहासाने आपणांस आधीच शिकविलेले आहे.

पहिली गोष्ट नावाची. एक हेडसेट तीस माणसांच्या डोक्यावर फिरतो. प्रत्येकाचे नाव त्या आभासी कळफलकावर टंकणे जिकिरीचे, म्हणून प्रशिक्षक ‘प्रशिक्षणार्थी ७’ असे लिहून मोकळा होतो. सातवा कोण, हे एका कागदावर असते, आणि कागद हरवला की नोंद अनाथ होते. नाव लिहिले तरी प्रश्न संपत नाही. आपल्या मराठी रीतीप्रमाणे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव यांची येथील कागदपत्रांत अनेकदा उलटापालट होते. एकाच माणसाचे नाव पासपोर्टवर एक, ओळखपत्रावर दुसरे आणि प्रशिक्षणाच्या यादीत तिसरे. भीमा कोरेगावच्या स्तंभावर आपल्या पूर्वजांची नावे, त्यांतील ‘नाक’ या अक्षरांसह, कोरली गेली म्हणून १ जानेवारी १८१८ चा त्यांचा पराक्रम कोणाला पुसता आला नाही. तेथे ‘शिपाई ७’ एवढेच लिहिले असते, तर आज आपण कोणाला अभिवादन केले असते? म्हणून नोंदीत पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव आणि कामगार क्रमांक आलाच पाहिजे. येथे तारखेचाही विचार करावा लागतो. बराच काळ इंटरनेटपासून तुटलेल्या आणि बॅटरी पूर्ण उतरलेल्या यंत्राचे घड्याळ चुकण्याचा संभव असतो. अशा यंत्राने दिलेली तारीख चुकली, तर प्रमाणपत्राची मुदतही चुकते. यास्तव वर्गाच्या दिवशी तारीख, हेडसेटचा क्रमांक आणि हजर व्यक्तींची नावे साध्या वहीत हाताने लिहून त्यावर सह्या घेणे, हा जुना उपाय अजूनही अव्वल आहे.

दुसरी गोष्ट प्रतीची. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून मायदेशी परतावे लागले. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन जमविलेले ग्रंथ दुसऱ्या जहाजाने रवाना झाले होते. महायुद्धाचे ते दिवस. ते जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले आणि ग्रंथसंपदा समुद्राच्या तळाशी गेली. नुकसानभरपाईचे पैसे मिळाले. ग्रंथ मिळाले नाहीत. त्या काळी प्रत काढणे म्हणजे पुन्हा हाताने लिहिणे होते. आज प्रत काढण्यास काही क्षण लागतात, आणि तरीही आपण एकाच यंत्राच्या भरवशावर तीस माणसांची कमाई सोडून देतो. नोंद किमान दोन ठिकाणी पोहोचल्याशिवाय हेडसेटमधून काहीही पुसू नये. एक प्रत कंपनीकडे जाईल. दुसरी कोणाकडे असावी, ते पुढे सांगतो.

तिसरी गोष्ट पडताळणीची. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे महाकस्सप स्थविरांच्या नेतृत्वाखाली पहिली संगीती भरली. परंपरा सांगते की तेथे उपालींनी विनय आणि आनंदांनी धम्म कथन केला आणि जमलेल्या भिक्खुसंघाने तो एकमुखाने म्हटला. एकाच्या स्मृतीत चूक शिरली तर इतरांच्या मुखाने ती तेथेच उघडी पडे. प्रत्येक उपदेशाच्या आरंभी तो कोठे दिला गेला हे स्थळ सांगण्याची रीत होती. अशा रीतीने भाणक भिक्खूंनी कागद नसताना, शाई नसताना, भगवंतांची शिकवण शतकानुशतके वाहून नेली. ती समुद्रापार सिंहलद्वीपात पोहोचली आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात तेथे ताडपत्रांवर उतरविली गेली. जगात जाळ्याविना झालेल्या ज्ञानाच्या हस्तांतराचे याहून उज्ज्वल उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. संगायनाने जे साधले ते आज संगणक ताळ्याने साधतो. मूळ फाईलीवर गणित करून एक लांबलचक खूणसंख्या काढावी. पोहोचलेल्या प्रतीवर तेच गणित करावे. दोन्ही खुणा जुळल्या तर प्रत जशीच्या तशी आली. एक अक्षर जरी बदलले तरी खूण पार बदलते. ‘एसएचए-२५६’ या नावाची ही रीत कोणत्याही साध्या लॅपटॉपवर फुकट उपलब्ध आहे. ताळा जुळल्यावरच यंत्र रिकामे करावे, त्याआधी नाही.

आता दुसऱ्या प्रतीविषयी. आमचे स्पष्ट मत असे की ती प्रत शिकणाऱ्याच्या हाती, त्याच दिवशी, वर्ग सुटण्यापूर्वी पडली पाहिजे. यासाठी फार काही लागत नाही. धड्याचे नाव, तारीख, गुण, प्रशिक्षकाची सही आणि कंपनीचा शिक्का एवढा एक कागद पुरेसा आहे. एका क्यूआर कोडमध्ये जास्तीत जास्त २,९५३ बाइट मावतात. निकालाचे सार त्यात सहज बसते, आणि तो कोड त्याच कागदावर छापता येतो. कामगाराने त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा आणि कागद पासपोर्टच्या प्रतींसोबत जपावा.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आमचे कर्तव्य आहे. निकालाची नोंद आणि हालचालींची नोंद यांत भेद करावयास हवा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका अभ्यासात ५११ व्यक्तींना हेडसेट घालण्यास देण्यात आले. त्यांच्या डोक्याच्या व हातांच्या पाच मिनिटांहूनही कमी हालचालींवरून संगणकाने सुमारे ९५ टक्के वेळा व्यक्ती अचूक ओळखली. म्हणजे नाव पुसले तरी मान वळविण्याची लकब नाव सांगून जाते. आपल्या आज्या-पणज्यांचे आंगठे सावकाराच्या कागदावर उमटले, आणि कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते. आता अवघा देहच आंगठा होऊ पाहत आहे. म्हणून हालचालींचा साठा आवश्यक तेवढाच घ्यावा, काम संपल्यावर नष्ट करावा, लॅपटॉप व पेन ड्राइव्हला कुलूपशब्द असावा आणि निकालांच्या याद्या व्हॉट्सॲपच्या समूहांत फिरवू नयेत. एखाद्याच्या चुका दहा जणांसमोर उघड करणे हे शिक्षण नव्हे.

कायद्याची बाजूही जाणून घेतली पाहिजे. ज्या देशाने आपणांस आसरा आणि रोजगार दिला त्याच्या कायद्याचा आदर राखून आणि त्याच्याच आधारे आपल्या हक्काची गोष्ट आपण नम्रपणे मागू शकतो. संयुक्त अरब अमिरातीचा २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आहे. कामगारांचे कौशल्य वाढविण्यासाठी प्रशिक्षणाची किमान साधने पुरविणे हे त्यात मालकाचे कर्तव्य मानलेले आहे. कामगाराची अधिकृत कागदपत्रे मालकाने अडकवून ठेवू नयेत, सेवा संपल्यानंतर निदान दोन वर्षे त्याची फाईल जपून ठेवावी आणि कामगाराने मागितल्यास कोणतेही शुल्क न घेता अनुभवाचा दाखला द्यावा, असेही त्यात आहे. २०२१ च्याच ४५ क्रमांकाच्या कायद्याने व्यक्तीला आपल्याविषयीची माहिती मिळविण्याचा व ती दुसरीकडे नेण्याची मागणी करण्याचा हक्क तत्त्वतः मान्य केला आहे. तपशील नियमावलीवर अवलंबून आहेत आणि काही मुक्त क्षेत्रांचे कायदे वेगळे आहेत, हे ध्यानात ठेवावे. तथापि न्यायाची दिशा स्पष्ट आहे. पासपोर्ट मालकाच्या कपाटात अडकून पडू नये असे ज्या विचाराने ठरले, त्याच विचाराने शिकल्याचा पुरावाही मालकाच्या यंत्रात अडकून पडू नये. अनुभवाच्या दाखल्यात प्रशिक्षणाचा तपशील कायद्याने आपोआप येत नाही. तो मागून घ्यावा लागतो, आणि मागणी लेखी असलेली बरी.

कोणी म्हणतील, यंत्र कंपनीचे, वेळ कंपनीचा, प्रशिक्षणाचा खर्च कंपनीचा. मग नोंद कामगाराची कशी? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. धड्याचा कार्यक्रम कंपनीचा आहे, तो कोणी मागत नाही. कामाच्या जागेची चित्रे व गुपिते कंपनीची आहेत, तीही कोणी मागू नयेत. परंतु धड्यात घाम ज्याचा गळला, चूक करून जो पुन्हा उभा राहिला आणि उत्तीर्ण झाला, त्याचा निकाल त्याचा आहे. शाळेची इमारत शाळेची असते. म्हणून कोणी मुलाची गुणपत्रिका शाळेतच ठेवून घेत नाही. आणि कंपनीचाही यात लाभच आहे. नवा कामगार अस्सल, पडताळलेली नोंद घेऊन आला तर त्याला कोठून पुढे शिकवावे हे कळते. भारताने मार्च २०२२ मध्ये दुबईच्या एक्स्पोत ‘तेजस’ हा उपक्रम सुरू केला, तो अमिरातीतील कामांसाठी भारतीयांना कुशल व प्रमाणित करण्याच्या हेतूने. प्रमाणपत्राला दोन्ही देशांत मोल असेल, तर प्रमाणाचा मूळ आधार असलेली नोंद तरी वाऱ्यावर सोडून कसे चालेल?

आता आपण काय करावे? भाषणे पुष्कळ झाली, कृती थोडी व्हावी. आपल्या कुटुंबांत सेफ्टी ऑफिसर आहेत, फोरमन आहेत, संगणक अभियंते आहेत, परिचारिका व शिक्षिका आहेत. जे अधिकाराच्या जागी आहेत त्यांनी आपल्या हाताखालच्या प्रत्येक वर्गात वरील तीन गोष्टींची शिस्त लावावी आणि नोंदीचा कागद कामगाराच्या हाती जातो की नाही हे जातीने पाहावे. तो कामगार आपल्या समाजाचा आहे की नाही, महाराष्ट्राचा आहे की बिहारचा, नेपाळचा, पाकिस्तानचा वा बांगलादेशाचा, हे पाहू नये. मैत्री आणि करुणा यांना क्लस्टरची हद्द नसते. जे स्वतः प्रशिक्षण घेतात त्यांनी वर्ग सुटताना ‘माझी नोंद मला द्या’ एवढे चार शब्द उच्चारण्याचा संकोच सोडावा. आणि जवळच्या ॲकॅडमिक सिटीत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना आम्ही सांगू इच्छितो की, तुमच्या संगणकज्ञानाची परीक्षा केवळ नोकरीच्या मुलाखतीत होत नसते. सुटीच्या दिवशी एखाद्या काकांच्या मोबाईलमधील कागदांचे फोटो नीट नावे देऊन लावून देणे, त्यांच्या नावाची तीन रूपे एका तक्त्यात मांडून देणे आणि दुरुस्तीचा अर्ज लिहून देणे, ही देखील धम्मसेवाच आहे. आपल्या मासिक वंदनेनंतर अर्धा तास अशा कामासाठी राखून ठेवावा, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत. एक मेज, एक लॅपटॉप, एक छपाईयंत्र आणि दोन स्वयंसेवक एवढ्यावर तिचा आरंभ होऊ शकतो.

निळ्या मार्गिकेची पहिली गाडी इंटरनॅशनल सिटीच्या स्थानकात शिरेल तेव्हा तिच्या स्वागताला मोठी गर्दी लोटेल. ते भुयार खणणारे हात तोवर दुसऱ्या कामावर, कदाचित दुसऱ्या देशात गेलेले असतील. त्यांतील प्रत्येकाच्या पिशवीत आपण काय शिकलो आणि काय करू शकतो याचा नावानिशी पुरावा असावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. गिरणीच्या विणकाम खात्याचे दार ज्या समाजासाठी बंद होते, त्या समाजाला शिक्षणाची किंमत कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. त्या शिक्षणाची पावती मागून घेण्याची आणि ती जपण्याची सवय मात्र आता आपण लावून घेतली पाहिजे.

  



— संपादक मंडळ